तिन्हीसांजेची फट

मी एक भिंत बोलतेय. विटांची नाही, चार जुन्या दारांची. लालबागच्या आमच्या चाळीच्या अंगणात, औदुंबराखालच्या बाकड्याला पाठीशी घालून मी उभी आहे.

ज्या दिवशी मला उभं केलं त्याच दिवशी मी एक नवस बोलले होते. भिंतीनं नवस बोलायचा म्हणजे हसू येईल तुम्हांला. पण ज्या बाईच्या हातून मला पहिलं हळदकुंकू लागलं तिचं सगळं आयुष्यच उपासांनी नि नवसांनी बांधलेलं. तिच्या सावलीत राहून मला दुसरं काय सुचणार? झाडाखालच्या दत्ताच्या पादुकांकडे पाहून मी मनात म्हटलं, महाराज, या म्हाताऱ्याच्या कानी हिची पोथी पुरी पडू दे. तोवर बाहेरचा आवाज मी आत येऊ देणार नाही. मग मला मोडून चुलीत घाला, माझी हरकत नाही.

पोथी वाचून झाली. नवस मात्र फिटला नाही. कसा ते सांगते.

आमच्या चाळीच्या दोन इमारती होत्या. मागची धोक्याची ठरली नि पाडली. माणसं कुठे कुठे गेली, थोडी पुढच्या इमारतीत राहायला आली. दारं तेवढी अंगणात एकावर एक पडून राहिली. जुनं सागवान, टाकवेना कुणाला. त्यांतल्या एका दाराला मिरचीचा वास आहे, कारण त्या घरात तीन पिढ्या मसाले कुटले गेले. हवा दमट झाली की त्याच्याजवळ बसणाऱ्याला अजून शिंक येते. दुसऱ्यावर मुलांच्या उंचीच्या रेघा आहेत, शेवटची रेघ कुणाच्या तरी लग्नाच्या वर्षीची. तिसरं निळं, कमळाबाईंच्या घरचं. आणि चौथं दुर्गाबाईंच्या घरचं. त्याच्यावर तोरणाचे खिळे आहेत आणि खालच्या अंगाला हळदीच्या बोटांचे ठसे.

चाळीतलं दार दिवसा कधी बंद नसतं. लागलेलं दिसलं की शेजारीण कडी वाजवून विचारते, "काय गं, बरं आहे ना सगळं?" तेव्हा माझ्या चारही अंगांना मिटून राहायची सवयच नव्हती.

आता दुर्गाबाईंचं सांगते. त्यांचे यजमान सहदेव मूळ मालवणकडचे, जवळच्याच एका गिरणीत लूमवर होते. गिरणी बंद पडली, पण त्या यंत्रांचा खडखडाट कानांत जे काही करून गेला ते तसंच राहिलं. वर्षागणिक ऐकणं कमी झालं. कानाचं यंत्र आलं. त्या यंत्राचं एक वाईट आहे, ते बायकोचा शब्द आणि ट्रकचा हॉर्न दोन्ही सारखंच मोठं करून कानात ओततं.

दोन वर्षांपूर्वी सहदेवांना छातीत कळ आली. परळच्या इस्पितळात चार दिवस काही खरं नव्हतं. तेव्हा दुर्गाबाई पादुकांपुढे येऊन बोलल्या होत्या, "हे चालत घरी आले की तुझ्यासमोर बसून, दिवेलागणीला, अख्खी पोथी यांच्या कानावर घालीन. मी वाचीन आणि हे ऐकतील."

सहदेव चालत घरी आले. पण त्याच महिन्यात अंगणाच्या पलीकडच्या जागेत टॉवरचं काम निघालं. त्याचं फाटक बरोब्बर आमच्या बाकड्यासमोर. सिमेंटचे मिक्सर संध्याकाळी रांगेनं येत आणि मागे घेताना एकसारखे टूं टूं करत. दुर्गाबाईंनी दोनदा पोथी उघडली, दोनदा मिटली. शेवटी घरात वाचा म्हणून सुनेनं सुचवलं. "पादुकांसमोर बोलले मी," त्या म्हणाल्या, "टीव्हीसमोर नाही."

मग या वर्षी दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कान तर गेलाच आहे. डावा अजून किती महिने साथ देईल, सांगता येत नाही.

त्या दिवसापासून दुर्गाबाईंच्या तोंडी एकच, यांचा कान आहे तोवर पोथी व्हायला हवी.

आधी त्यांनी बाकड्यापुढे, फाटकाच्या बाजूला, दोरीवर गोधड्या टांगल्या. मग कुणाचं तरी ऐकून क्रोटनच्या कुंड्या आणल्या. कमळाबाई म्हणाल्या, "दुर्गा, झाडांनी आवाज नाही गं अडत. मिक्सर दिसायचा बंद होतो फक्त."

कमळाबाई त्यांची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. पोथीबिथी मानत नाहीत. घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला विहारात जाणं, एवढं त्यांचं. पण संध्याकाळी तांदळाचं ताट घेऊन त्या बाकड्यावर येऊन बसतात ते बसतातच. "तुझ्या देवाशी माझं देणंघेणं नाही," त्या म्हणत, "पण तुझा आवाज गोड आहे, आणि घरी एकटीनं खडे वेचून मान दुखते."

त्यांचाच मुलगा विकास. डबिंगच्या स्टुडिओंतल्या आवाजबंद खोल्या बनवणं हे त्याचं काम. मला त्यानं घडवलं.

पहिल्यांदा आला तेव्हा गोधड्या पाहून हसला. "काकी, आवाज गोधडीला विचारतो थोडाच! तो पाण्यासारखा. अडवायचं तर जड पाहिजे आणि सलग पाहिजे. बोटभर फट राहिली तरी घुसला समजा."

"मग रे?"

"ही दारं पडलीयेत ना? ह्यांच्यापेक्षा जड काय मिळणार!"

दोन रविवार तो खपला. खाली विटांचे दोन थर, वर लोखंडी चौकट, तिच्यात चार दारं शेजारी शेजारी. पाठीमागून फळ्या ठोकल्या, मधल्या पोकळीत जुन्या गाद्यांचा कापूस ठासून भरला. सांध्यासांध्यांत रबराच्या पट्ट्या. भिंत त्यानं बाकड्याच्या अगदी जवळ घेतली. म्हणाला, आडोसा आवाजापाशी करावा नाहीतर कानापाशी, मध्येच कुठेतरी करून उपयोग नाही.

शेवटचं दार बसवताना तो खिळे ठोकायला गेला आणि दुर्गाबाईंनी त्याचा हात धरला.

"हे आमच्या घरचं दार आहे. खिळे मारून कायमचं बंद करायचं? नको रे बाबा. घराला बरं नसतं."

"काकी, आता हे दार नाही. भिंत आहे."

"असू दे. बिजागऱ्या ठेव त्याला."

विकासनं आईकडे पाहिलं. कमळाबाईंनी डोळ्यांनीच खुणावलं, जाऊ दे. मग त्यानं बिजागऱ्या लावल्या, कडी लावली, कडेनं दुहेरी रबर फिरवलं. आणि बजावून सांगितलं, "वाचताना घट्ट लावायचं. कडी घालायची. विसरायचं नाही."

"नाही विसरणार," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि माझ्यावर हळदकुंकू लावलं.

त्याच दुपारी परीक्षा झाली. पलीकडे खडक फोडायचं यंत्र चालू होतं. विकासनं मोबाइलवर मोजलं, बाहेर ब्याऐंशी डेसिबल, आत पासष्ट. सहदेवांनी यंत्र डाव्या कानात बसवलं, डोळे मिटले आणि जरा वेळानं म्हणाले, "कोणी ढेकर दिली?"

"मी नाही!" कमळाबाई म्हणाल्या.

"वहिनी, माका ऐकाक इला. खोटा कित्याक बोलतास?"

सगळे हसले. दुर्गाबाई हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. दोन वर्षांत त्यांच्या नवऱ्याला बाहेर बसून कुणाचं काही पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, मग ती ढेकर का असेना. माझ्या आयुष्यातला तेवढाच एक सुखाचा दिवस. त्याच दिवशी मी माझा नवस बोलले.

विकास दुसऱ्या दिवशी हैदराबादला कामासाठी गेला. दत्तजयंतीला परत येतो म्हणाला. पोथीचे अध्याय एकवीस, रोज एक, तेव्हा समाप्तीही त्याच दिवशी येत होती.

पहिली संध्याकाळ. दुर्गाबाईंनी पादुकांपुढे निरांजन लावलं, पोथी उघडली. सहदेव बाकड्यावर टेकून बसले, यंत्र कानात. मी घट्ट मिटलेली. बाहेर मिक्सर आला, टूं टूं करून थकला, मी त्याला दाद दिली नाही. दुर्गाबाईंनी पहिली ओवी म्हटली, आणि थांबल्या.

माझ्याकडे पाहिलं त्यांनी. म्हणजे त्यांच्या घरच्या दाराकडे.

"दिवेलागण झाली," त्या पुटपुटल्या. "त्यातून मार्गशीर्ष जवळ आलेला. लक्ष्मीच्या तोंडावर दार लावून बसायचं म्हणजे..."

"अगं, विकास काय म्हणाला?" कमळाबाई म्हणाल्या.

"अर्धं उघडते. अर्धंसुद्धा नाही, वीतभर."

त्या उठल्या, कडी काढली, दार वीतभर उघडलं. वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली वीट लावली. बाहेर रांगोळीची दोन पावलं काढली, आत वळणारी. मग येऊन बसल्या आणि आवाज थोडा चढवून वाचू लागल्या.

पावलांवरून लक्ष्मी आली की नाही, मला दिसलं नाही. आवाज मात्र आला. मी सात फूट उंच, दुहेरी, कापसानं भरलेली, आणि माझ्या एका वितेतून सबंध टॉवरचं काम आत आलं. मी जेवढं अडवत होते तेवढं सगळं वाट काढून त्या एका जागी गोळा होत होतं, असं मला वाटे. त्या फटीच्या सरळ समोर सहदेवांचा डावा कान होता.

"ऐकाक येता मां?" दुर्गाबाईंनी मान वर करून विचारलं. त्यांच्या भाषेत विचारलं, लाडानं.

सहदेवांनी मान डोलावली.

मला दिसलं ते तुम्हांला सांगते. त्यांचा हात कानाकडे गेला, डोकं खाजवल्यासारखं केलं आणि यंत्र बंद करून टाकलं. त्या गोंगाटात ते चालू ठेवणं म्हणजे कानात सुई घालण्यासारखं असावं. मग ते बायकोकडे पाहत बसले. लूमवर असताना हे लोक एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखत. पण दुर्गाबाईंची मान पोथीत खाली, चष्मा नाकावर, ओठ दिसणार कसे? त्या पान उलटायला बोटाला जीभ लावत तेवढं ह्यांना दिसे. अध्याय संपून त्या हात जोडत, मग हेही जोडत.

असं एकवीस दिवस.

माझ्या जिवाची काय गत झाली असेल! मला बिजागऱ्या होत्या, कडी होती, रबर होतं. मिटायला जे जे लागतं ते सगळं होतं. स्वतःहून मिटता येत नव्हतं. एका संध्याकाळी जोराचा वारा आला तेव्हा मी आशेनं कुरकुरले. विटेनं मला अडवलं. दुर्गाबाईंनी उठून ती वीट आणखी नीट बसवली.

कमळाबाई रोज एकदा म्हणत, "दार लाव गं, कान किटले." आणि दुर्गाबाई रोज म्हणत, "ह्यांना येतंय ना ऐकू? मग झालं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

एकदा सहदेवांनीही त्या दाराकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील. बायकोनं रांगोळीची पावलं नुकतीच पुरी केली होती, बोटं पांढरी होती तिची. त्यांनी नजर पादुकांकडे वळवली.

दत्तजयंतीला समाप्ती झाली. पादुकांवर फुलं, सुंठवड्याची वाटी, दुर्गाबाईंच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं. त्यांनी पोथी कपाळाला लावली आणि एवढा मोठा श्वास सोडला, जसं काही दोन वर्षं तो त्यांनी धरून ठेवला होता.

"फिटला हो नवस," त्या म्हणाल्या.

कमळाबाईंनी सुंठवडा तोंडात टाकला. सहज म्हणून सहदेवांच्या खांद्याला हात लावून, तोंडासमोर तोंड आणून, मोठ्यानं विचारलं, "भावोजी, कुठला अध्याय आवडला सगळ्यांत?"

सहदेव गोंधळले. दोघींकडे पाहिलं. मग हसून म्हणाले, "ती गाय... हरवलेली गाय घरी परत येते ना, तो."

पोथीत गाय नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुठेही हरवलेली गाय नव्हती. लहानपणी आईकडून ऐकलेलं काहीतरी त्यांनी सांगितलं असावं.

सगळ्यांत आधी सावरल्या त्या कमळाबाई. "हो हो, ती गाय! काय सुंदर आहे तो अध्याय," म्हणाल्या. पोथी न मानणारी बाई, मैत्रिणीसाठी पोथीत गाय घालायला निघाली.

"कमळाबाई," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "गाय नाहीये यात."

तेवढ्यात विकास आला. खांद्यावर बॅग, तसाच गाडीतून उतरून. घरी जायच्या आधी आपलं काम बघायला आलेला. त्याची नजर आधी खाली गेली.

"ही वीट कुणी लावली?"

कमळाबाईंनी दुर्गाबाईंकडे पाहिलं.

"काकी? रोज उघडं होतं हे?"

"दिवेलागणीला लक्ष्मी यायची वेळ असते रे," दुर्गाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू येत नसावा.

"लक्ष्मी आली असेल काकी. पण तिच्याबरोबर सगळे मिक्सर पण आले की आत!"

त्याला काही ठाऊक नव्हतं बिचाऱ्याला. तो थट्टेनंच बोलला. मग काकीचं तोंड पाहून त्याच्या लक्षात आलं आणि तो खाली बसून ती वीट काढू लागला, उगीचच, आता काही गरज नसताना.

दुर्गाबाई नवऱ्यासमोर जाऊन बसल्या. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून विचारलं, "एक तरी अध्याय ऐकू आला? खरं सांगा."

सहदेवांनी ओठ वाचले. मान हलवली, आणि या वेळी ती आडवी हलली.

"मग हो म्हणून का सांगत होता?"

"तुझो नवस मोडात म्हणान गप रवलंय," ते म्हणाले.

मी भिंत आहे. तरी सांगते, त्या वेळी मला तडा गेला असता तर बरं वाटलं असतं. कुणाला दोष देऊ? तिनं घरासाठी दार उघडं ठेवलं. त्यानं तिच्यासाठी मान डोलावली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि एकवीस अध्याय हवेत गेले.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी पुन्हा पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली. तिन्हीसांजेला माझ्यासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, "आई, रागावू नकोस, अर्धा तास मागच्या बाजूनं ये," म्हणाल्या आणि कडी घातली. त्या दिवशी मी अशी मिटले की औदुंबराचं पान पडलेलं ऐकू यावं. सहदेवांना ओव्या ऐकू आल्या. सगळ्या नाही, पुष्कळशा. एका जागी तर ते "वा!" म्हणाले. बरोबर जागी म्हणाले.

असे चार दिवस. चार अध्याय.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी यंत्र लावलं आणि म्हणाले, बॅटरी गेली. सुनेनं बॅटरी बदलली. मग नवं पाकीट आणलं. मग यंत्र दुकानात दाखवलं. यंत्र चांगलं होतं.

संध्याकाळी दोघं आली, नेहमीसारखी. दुर्गाबाईंनी कडी घातली, पोथी उघडली, पाचवा अध्याय सुरू केला. चारच ओव्या झाल्या असतील.

"माका काय ऐकाक येणा नाय गो," सहदेव म्हणाले. नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, कारण त्यांना त्यांचाही आवाज आता ऐकू येत नव्हता.

तेव्हापासून असं आहे. रोज संध्याकाळी मला घट्ट मिटतात. बाहेर कितीही गलका असो, आत बोलणारा दबल्या आवाजात बोलला तरी चालेल. विकास येऊन रबर तपासून जातो, म्हणतो, "एक नंबर बसलंय." खरंच बसलंय. आता माझ्यात काही खोट नाही. एवढी नितळ शांतता मी धरून ठेवली आहे, आणि ज्याच्यासाठी धरायची तो कानच उरला नाही. पुढच्या वर्षी ही इमारतही पाडायची म्हणतात. पाडोत.

एवढं मात्र दुर्गाबाईंनी बदललं आहे. त्या आता पोथी मांडीवर ठेवतात, एकेक ओळ पाहून घेतात, मग मान वर करतात आणि नवऱ्याच्या तोंडासमोर ती ओळ बोलतात, सावकाश. प्रत्येक ओळीनंतर थांबून विचारतात, "काय म्हटलं मी?" ते सांगतात. दहांतले दोन शब्द बरोबर येतात, कधी तीन. चुकले की त्या पुन्हा बोलतात. एका संध्याकाळी पाच ओव्या होतात, जास्त नाही. कमळाबाई म्हणतात, "अगं, पुढचे दात पडलेत तुझे, त्यांनी ओठ वाचायचे तरी कसे?" आणि स्वतःच डोळे पुसतात. हिशेबानं ही पोथी पुरी व्हायला काही वर्षं लागतील. दुर्गाबाईंना वाटतं, होईल. मला नाही वाटत. पण मी भिंत, माझं काय ऐकता!

तुम्ही इतकं ऐकलंत म्हणून एक मागते. तुमच्या घरीही कुणाचा तरी कान मंदावत असेल. आई असेल, सासरे असतील. तुम्ही बोलता, ते मान डोलावतात, आणि तुम्ही आपल्या कामाला लागता. आजपासून एक नेम धरा. मान डोलावलेली खरी धरू नका. समोर बसा, तोंडाकडे तोंड करा आणि विचारा, "काय म्हटलं मी?"

आजच विचारा. त्यांना अजून ऐकू येतंय तोवर.